पाच डॉलरचा फॉर्म

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईंचं आहे. वय ४४. तीन वर्षांपासून अमेरिकन टपालखात्याच्या एका सॉर्टिंग केंद्रात रात्रपाळीला आहेत. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून नाही. युनियनच्या सभासद आहेत, वर्गणी पगारातूनच कापली जाते. गेल्या महिन्यात रात्री अडीचच्या जेवणाच्या सुट्टीत, ब्रेकरूममध्ये, युनियनच्या शॉप स्टुअर्डने (कामाच्या जागी सभासदांच्या अडचणी पाहणाऱ्या प्रतिनिधीने) एक फॉर्म पुढे केला: युनियनच्या राजकीय निधीसाठी दर पगारातून ५ डॉलर. "ऐच्छिक आहे," असं म्हणाली आणि पेनही पुढे केलं. मुलाच्या आजारपणात पाळी बदलून मिळावी म्हणून बाईंसाठी खटपट केलेली स्टुअर्ड हीच. बाईंनी फॉर्म डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. सातारा जिल्ह्यात सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले वडील फोनवर म्हणाले, "पोस्टात राहून पक्षाला पैसे? नोकरी घालवायचीय का?" नवरा म्हणतो, पाच डॉलरसाठी कशाला वाईटपणा घेतेस, देऊन टाक. बाईंचं म्हणणं असं: युनियनने पाठिंबा दिलेले उमेदवार मला पटत नाहीत. वर्गणी देतेच, मग हे आणखी कशाला? पण नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन. शिवाय मी नागरिकही नाही. काय करू?

नमस्कार,

फॉर्म घरी आणलात हे फार बरं केलंत. रात्री अडीच वाजता, समोर कुणी पेन धरून उभं असताना केलेली सही आपली नसते, भिडेची असते.

मी कुठे उभा राहून बोलतोय ते आधी सांगतो. ऐंशीच्या दशकात मी मुंबईत एका बँकेत कारकून होतो आणि आमच्या युनियनचं पावतीपुस्तक माझ्याकडे असायचं. मासिक वर्गणी वेगळी आणि वर्षातून दोन-तीनदा 'लढा निधी', 'मोर्चा निधी' असं काहीतरी वेगळं. त्या पावतीवर 'ऐच्छिक' असं छापलेलं असे. रोखपालाच्या पिंजऱ्यामागच्या भिंतीवर आम्ही सगळ्यांच्या नावांची यादी चिकटवायचो आणि ज्याने पैसे दिले त्याच्या नावापुढे लाल शाईने बरोबरची खूण करायचो. न देणाऱ्यांची नावं आम्ही कधीच वेगळी लावली नाहीत. गरजच नव्हती. खूण नसलेली दोन नावं दारातूनच दिसायची. त्यातले एक गृहस्थ मला दर वेळी चहा पाजून 'नाही' म्हणत, आणि तो चहा पिऊन जिना उतरताना मी त्यांच्याबद्दल जे बोलायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा 'ऐच्छिक' हा शब्द मी मागणाऱ्याच्या बाजूने चांगला ओळखतो.

आता तुमचं पत्र. त्यात बऱ्याच गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. त्यातली सगळ्यात सोपी गाठ आधी सोडवू: "वर्गणी देतेच, मग निधी कशाला?"

युनियनचे गल्ले दोन असतात. वर्गणीच्या गल्ल्यातून वाटाघाटी, तक्रारींची सुनावणी, वकील, कार्यालयाचं भाडं हे सगळं चालतं. पण त्या गल्ल्यातला एक सेंटही अमेरिकी संसदेच्या किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला देणगी म्हणून देता येत नाही. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना केलेल्या कायद्याने ही बंदी आली आणि १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने ती कायम झाली. त्यावर तिथल्या सीआयओ या कामगार महासंघाने लगेच १९४३ मध्येच तोड काढली: सभासदांनी आपखुषीने दिलेल्या पैशांचा वेगळा निधी. आज अमेरिकेत ज्याला 'पॅक' म्हणतात त्याची सुरुवात ही अशी कामगारांच्या डब्यातून झाली. पुढे कंपन्यांनीही तो मार्ग धरला आणि त्यांचे डबे बरेच मोठे निघाले, ते असो. टपाल कामगारांच्या चार मोठ्या युनियन आहेत: कारकून, यंत्रदुरुस्ती आणि वाहनचालकांची एक, शहरी पोस्टमनांची एक, ग्रामीण टपालवाहकांची एक आणि मेल हँडलरांची, म्हणजे केंद्रात टपालाच्या थैल्या हलवणाऱ्यांची एक. तुमची कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. हे निधी सगळीकडे त्याच साच्यातले. पहिलीचा निधी 'कोपा' या नावाने ओळखला जातो, पोस्टमनांचा 'लेटर कॅरियर पोलिटिकल फंड' म्हणून.

म्हणजे स्टुअर्ड तुमच्याकडे वर्गणी दुसऱ्यांदा मागत नव्हती. ज्या कामाला वर्गणी वापरता येत नाही त्यासाठी मागत होती. मात्र "वर्गणीतलं काहीच राजकारणात जात नाही" असं जर ती म्हणाली असेल, तर ते अर्धंच खरं आहे. आपल्या सभासदांना 'अमक्याला मत द्या' असं कळवणं, संसदेत एखाद्या विधेयकासाठी पाठपुरावा करणं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानंतर उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेला प्रचारखर्च, हे वर्गणीतूनही होऊ शकतं. तुम्हाला ते टोचत असेल तर तो मुद्दा युनियनच्या सभेत मांडायचा आहे, या फॉर्मवर नाही.

आता 'ऐच्छिक'. आपल्याकडे हा शब्द फार झिजलाय. गणपतीच्या आधी मुलं पावतीपुस्तक घेऊन येतात, म्हणतात 'काका, यथाशक्ती', आणि पावतीवर ५०१ आधीच लिहिलेले असतात. सरकारी कचेऱ्यांत मुख्यमंत्री निधीसाठी एक दिवसाचा पगार कापतात आणि परिपत्रकात असतं की ज्यांची संमती नसेल त्यांनी तसं लेखी कळवावं. कोण कळवणार? तुमचे कान या 'ऐच्छिक'वर वाढलेत, म्हणून तिच्या तोंडचा तोच शब्द ऐकताच तुम्ही त्याचा अर्थ 'द्यावंच लागेल' असा लावलात. पण तिथल्या कायद्यात त्या शब्दाला दात आहेत. निधी मागताना, तो राजकीय कामासाठी आहे हे सांगावं लागतं, आणि नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याबद्दल कसलाही त्रास होणार नाही, हेही सांगावं लागतं. रक्कम सुचवली असेल तर ती नुसती सूचना आहे, कमी-जास्त देता येतं, हे सांगावं लागतं. धाकदपटशा दाखवून किंवा नोकरीत त्रास देण्याची भीती घालून जमवलेला पैसा निधीत घेणं बेकायदा आहे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत हे सगळं छापलेलं असेल. चष्मा लावून एकदा वाचा.

दुसरं म्हणजे, टपालखात्यात युनियनचं सभासदत्वसुद्धा सक्तीचं नाही. सभासद नसलेल्या कामगाराचं प्रतिनिधित्वही युनियनला करावंच लागतं. तुमच्या पाळीसाठी स्टुअर्ड झटली ती चांगली बाई आहे म्हणून, हे खरंच, पण ते तिचं कामही होतं. त्या उपकाराची परतफेड निधीतून करायची तुम्ही मनात धरलीय, तिने मागितलेली दिसत नाही. तिचे आभार मानायचे तर पुढच्या पाळीला पुरणपोळी घेऊन जा. (गंभीरपणे सांगतोय. रात्री अडीच वाजता तुपातली पुरणपोळी कुठल्याही देशात चालते.)

बाबांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण त्यांना तुम्ही पत्रात एका वाक्यात गुंडाळलंत आणि ते काही उगाच घाबरणारे गृहस्थ वाटत नाहीत. ते ज्या नियमांत ३०-३५ वर्षं वावरले त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ ची आचरण नियमावली आहे. तिच्या पाचव्या नियमाप्रमाणे सरकारी नोकराला पक्षाचं सभासद होता येत नाही आणि राजकीय चळवळीला वर्गणीही देता येत नाही. संघटनांना मान्यता देण्याचे नियम १९९३ चे. त्यात स्पष्ट लिहिलंय की मान्यताप्राप्त संघटनेने राजकीय निधी ठेवू नये. हे नुसतं कागदावर नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये भारतीय टपालखात्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या एका जुन्या महासंघाची आणि त्यातल्या एका मोठ्या संघटनेची मान्यता काढून घेतली. ठपका असा होता की संघटनेने शेतकरी आंदोलनाला, सिटू या कामगार महासंघाला आणि मार्क्सवादी पक्षाला पैसे दिले. शेतकरी आंदोलनापोटी दाखवलेली रक्कम होती ३०,००० रुपये, आणि पक्षाच्या नावापुढची ४,९३५. एवढ्यावर मान्यता गेली. बाबा हे पेपरात वाचून बसले असणार, आणि तुम्ही फोनवर 'पोस्ट', 'युनियन', 'राजकीय निधी' हे तीन शब्द एका दमात उच्चारलेत. त्यांचा आवाज चढला यात नवल नाही.

पण गंमत बघा. ज्या १९९३ साली भारताने मान्यताप्राप्त संघटनांना राजकीय निधी नको म्हणून लिहून ठेवलं, त्याच वर्षी अमेरिकेने आपला हॅच कायदा सैल केला. १९३९ चा हा कायदा सरकारी आणि टपाल कर्मचाऱ्यांना राजकारणापासून लांब ठेवायचा. १९९३ च्या दुरुस्तीनंतर कामाची वेळ, कामाची जागा, गणवेश आणि सरकारी गाडी एवढं सोडून तुम्ही प्रचार करू शकता, पक्षाचं काम करू शकता. आणि युनियनच्या एका सभासदाने दुसऱ्या सभासदाकडे युनियनच्या निधीसाठी पैसे मागायलाही तिथे खास वाट ठेवली आहे. अट इतकीच की ज्याच्याकडे मागायचं तो मागणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. एकाच वर्षी दोन टपालखाती उलट दिशांना गेली. बाबांचा नियम साताऱ्यात खरा, तुमचा न्यू जर्सीत खरा. नोकरी जायची भीती मनातून काढून टाका.

बाबांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. राजकीय निधी वेगळा ठेवायचा, त्याची सक्ती करायची नाही, न देणाऱ्या सभासदाला कुठल्याही लाभातून वगळायचं नाही आणि निधी देणं ही सभासदत्वाची अट करायची नाही, हे सगळं आपल्याकडच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या १६ व्या कलमात लिहिलेलं होतं. अमेरिकेने पॅक काढले त्याच्या १७ वर्षं आधी. तो कायदा व्हावा म्हणून १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला होता ना. म. जोशींनी, आपल्या मुंबईच्या. आयटक हा कामगार महासंघ स्थापन करणाऱ्यांतले ते. सरकारी नोकरांच्या मान्यताप्राप्त संघटनांना पुढे वेगळे नियम लागले हे खरं, पण कल्पना परकी नाही. बाबांनी पोस्टात उमेदवारीच्या काळात जुन्या मंडळींकडून जोशींचं नाव नक्की ऐकलं असेल. विचारून पाहा, फोन जरा लांबेल.

मग मुख्य प्रश्न: पोस्टाने राजकारणात पडावंच कशाला? पत्रं वाटावीत, बस.

हा प्रश्न मला पटतो, पण टपालखात्याच्या बाबतीत टिकत नाही. तुमचा मालक कोण? अमेरिकन टपालखातं रोजच्या खर्चासाठी कराच्या पैशांवर चालत नाही, तिकिटं आणि पार्सलांच्या कमाईवर चालतं. पण त्याचे नियम करते संसद. २००६ साली संसदेने कायदा केला की पुढे निवृत्त होणाऱ्यांच्या आरोग्यविम्यासाठी खात्याने दहा वर्षं दर वर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढावेत. असं ओझं दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्यावर नव्हतं. खातं कर्जात दिसायला लागलं, हप्ते थकले, आणि 'पोस्ट बुडतंय, विकून टाका' असं बोलणाऱ्यांना आयताच आकडा मिळाला. ते ओझं उतरायला २०२२ उजाडलं. प्रतिनिधीगृहात ३४२ विरुद्ध ९२, सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९ मतं पडली, सुमारे ५७ अब्ज डॉलरचे थकलेले हप्ते माफ झाले आणि आठवड्यातून सहा दिवस टपाल पोचवणं कायद्यात लिहिलं गेलं. मतांचे आकडे पाहा. हे एका पक्षाच्या जोरावर झालेलं नाही. टपाल युनियन वर्षानुवर्षं दोन्ही पक्षांच्या खासदारांच्या दारात बसल्या तेव्हा झालं. आणि दारात बसायला निधी लागतो, हे मला आवडत नाही, पण तिथलं राजकारण तसंच चालतं.

यात आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त पटतं. तुम्हाला संपाचा हक्क नाही. १९७० पर्यंत टपाल कामगारांना पगारावर घासाघीसही करता येत नव्हती. पगार संसद ठरवायची. पोस्टमनचा सुरुवातीचा पगार वर्षाला ६,१७६ डॉलर होता आणि ८,४४२ च्या कमाल पायरीवर पोचायला २१ वर्षं लागत. न्यूयॉर्कमध्ये पोस्टमन कामावर असून सरकारी मदतीला पात्र ठरत होते. १८ मार्च १९७० ला तिथल्या पोस्टमनांनी कायदा मोडून संप केला आणि बघता बघता देशभर सुमारे दोन लाख माणसं बाहेर पडली. राष्ट्राध्यक्ष निक्सननी न्यूयॉर्कात पत्रं लावायला सैनिक पाठवले. सैनिकांना सॉर्टिंग जमेना. कुठलं पिनकोड कुठल्या खणात, हे काय कवायतीत शिकवतात? आठ दिवसांत सरकार बोलणीला आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला आणि वाटाघाटीचा हक्क मिळाला. संपाचा मात्र नाही मिळाला. पगार आज वाटाघाटीत ठरतो, पण निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, किती दिवस टपाल, खासगीकरण होणार की नाही, हे सगळं अजून संसदेतच. ज्या कामगाराला काम बंद करता येत नाही त्याच्या हातात दुसरं काय उरतं? तुमच्या स्टुअर्डच्या हातातल्या त्या फॉर्ममागे हे सगळं आहे. तिला अडीच वाजता एवढं सांगायला वेळ नव्हता.

म्हणून द्याच, असं मी म्हणत नाही. तुम्हाला युनियनचे उमेदवार पटत नाहीत, आणि ती शंका झटकून टाकण्यासारखी नाही. फक्त ती जरा बारकाईने तपासून घ्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी युनियनने जाहीर केलेला पाठिंबा ही एक गोष्ट. तुमच्या पाच डॉलरचं काय होतं ही दुसरी. असा निधी एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ५,००० डॉलर देऊ शकतो, त्यामुळे पैसा संसदेच्या पुष्कळ उमेदवारांत विखुरतो. कुणाला किती, कधी, हे सगळं संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. रविवारी चहाचा कप घेऊन बसा, आपल्या युनियनच्या निधीचं नाव शोधा, गेल्या दोन वर्षांत पैसे घेणाऱ्यांची यादी काढा. त्यात तुमच्या मतदारसंघाचा खासदार आहे का? तुम्हाला ज्या पक्षाचे लोक बरे वाटतात त्यांतले किती आहेत? यादी पाहून 'ठीक आहे' वाटू शकतं. 'नाही, हे माझ्याच्याने होणार नाही' असंही वाटू शकतं. दोन्ही निर्णय मला सारखेच मान्य. यादी न पाहता घेतलेला नाही.

आणि यादी पाहून 'नाही' असं ठरलं, तर युनियन सोडायची गरज नाही. सभेला जा. पुढच्या वेळी कुणाला पाठिंबा द्यायचा यावर बोला. तुमच्यासारखं वाटणारे आणखी निघतील. एवढ्या माणसांत सगळे एकाच पक्षाला मत देतात असं कुठे असतं? पोस्टाच्या प्रश्नावर खासदाराच्या कार्यालयाला आपल्या नावाने पत्र लिहा. टपालखात्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईने लिहिलेलं, टपालाने आलेलं पत्र, ते वाचतात.

तुमचा नागरिकत्वाचा प्रश्न. कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, असा निधी देऊ शकतात. एच-वन किंवा एच-फोरवर असलेले देऊ शकत नाहीत. तेव्हा हे वाचणाऱ्या मंडळींनी कुठल्याही उमेदवाराच्या डब्यात, अगदी हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणीच्या आग्रहानेही, हात घालण्याआधी आपला व्हिसा आठवावा. आणि तुम्हाला एक सूचना, जी तुम्ही विचारली नाहीत: निधी देता येतो म्हणून मतही देता येतं असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीबद्दल विचारतात. तिथे घाईत 'हो' म्हणून बसू नका. नागरिक नसताना नोंदणी केलेल्यांचे नागरिकत्वाचे अर्ज त्यापायी अडकलेत.

आता ब्रेकरूम. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण पत्रात तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. स्टुअर्डला तुमच्याकडे निधी मागण्याचा हक्क आहे, पण टपालखात्याच्या इमारतीत नाही. जेवणाची सुट्टी असली तरी नाही. हॅच कायद्यात कामाच्या इमारतीतली कुठलीही खोली येते, आणि चूक महागात पडली तर तिची नोकरी जाऊ शकते. म्हणून ती तक्रार करण्याची नव्हे, तिला सांगण्याची गोष्ट आहे. पाळी संपवून, पंच करून, गेटबाहेर पडल्यावर किंवा युनियनच्या हॉलमध्ये तिला म्हणा: "अगं, तो फॉर्म मला आत दाखवू नकोस, तुलाच त्रास होईल. मी विचार करून इथे उत्तर देईन." तिला आधीच माहीत असेल आणि दमल्यामुळे ती विसरली असेल, तर ती ओशाळेल. माहीतच नसेल, तर तुम्ही तिच्यावर उपकार केलेत, म्हणजे तुमचा तो उपकारांचा हिशोबही फिटला. मात्र उद्या सुपरवायझरने, किंवा तात्पुरता सुपरवायझर म्हणून नेमलेल्या २०४-बी ने तुमच्याकडे निधी मागितला, तर तिथे गोड बोलायचं कारण नाही. हाताखालच्या माणसाकडे मागणं सरळ बेकायदा आहे. या कायद्याबद्दल शंका असेल तर 'ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल' हे सरकारी कार्यालय कर्मचाऱ्यांना सल्ला देतं.

रक्कम ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा: २००. वर्षभरात एका माणसाने दिलेले पैसे २०० डॉलरच्या वर गेले की निधीला त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालकाचं नाव निवडणूक आयोगाकडे कळवावं लागतं, आणि ते कुणालाही वाचता येतं. शेजाऱ्याला, भावी सुपरवायझरला, मुलीच्या सासरच्यांनाही. २०० च्या आतल्यांची नावं अशी छापण्याची सक्ती नाही. तुमचे पगार वर्षाला २६. पाच डॉलरने १३० होतात. दहाने २६०, म्हणजे तुमचं नाव यादीत. अगदी काठावर राहायचं असेल तर ७ डॉलर ६९ सेंट; वर्षाचे १९९ डॉलर ९४ सेंट. असा फॉर्म भरणारं कुणी असलंच तर ते आपल्याकडचंच असणार. या पैशांवर आयकरात सूट मिळत नाही, हेही पाहून ठेवा. आणि कपात कायमची नसते. 'पोस्टलईज' या कर्मचाऱ्यांसाठीच्या खात्याच्या सेवेवर जाऊन स्वतःच बंद करता येते, स्टुअर्डच्या तोंडाकडे न पाहता.

नवऱ्याला मात्र सांगा की 'वाईटपणा नको म्हणून देऊन टाक' हे कारण सगळ्यात कच्चं आहे. पाच डॉलर गेल्याचं दुःख नाही. पण तुम्ही भिडेपोटी दिलेत की पुढच्या वेळी स्टुअर्डने खरंच काही विचारलं तरी तिला तुमच्या 'हो'चा अर्थ कळणार नाही. माझ्या यादीतले ते चहावाले गृहस्थ सात-आठ वर्षं 'नाही' म्हणत राहिले. मग एका वर्षी, कपातीविरुद्धच्या मोर्चाच्या निधीला, त्यांनी न मागता शंभराची नोट दिली. त्या दिवशी मी यादीत त्यांच्या नावापुढे खूण करायलाच विसरलो, इतकी सवय झाली होती.

तर यादी पाहा, मग ठरवा. 'नाही' ठरलं तर स्टुअर्डला लांबण लावू नका, मुलाच्या शाळेची फी वगैरे सांगू नका. "वर्गणी देते, सभेला येईन, निधी नाही देणार," एवढं पुरे. ती उद्या नीट बोलली तर त्या फॉर्मवरचं 'ऐच्छिक' खरं. तोंड फिरवलं, तर दोन आठवडे थांबा, आम्हीही निवळायचो. आणि 'हो' ठरलं तर फॉर्म भरल्यावर पहिल्या पे-स्टबवर कपातीचा आकडा डोळ्यांनी पाहा. माझ्या पावतीपुस्तकाच्या काळात एकाचे पाचाचे पन्नास कापले गेले होते, आणि ते परत मिळवायला त्याला तीन अर्ज करावे लागले. तिन्ही मीच लिहून दिले होते.